दर पावसाळ्यात कोब्यावरचा एपॉक्सी उचलतोय? आधी पापुद्र्याची पाठ बघा

लातूरला माझं ट्रॅक्टर आणि शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तीस बाय चाळीस फुटांचं पत्र्याचं शेड, खाली चार इंची कोबा. या कोब्यावर आम्ही दोनदा एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा फरशीचा घट्ट रंग, मारला, २०१९ आणि २०२२ ला. दोन्ही वेळा भर उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळा पाऊस सरायच्या आत तो उचलला. मधल्या वर्षांत जिथं निघालं तिथं डागडुजी केली, तीही टिकली नाही.

उदगीर, औसा, परळीकडच्या गॅरेजवाल्यांशी बोलताना हीच तक्रार ऐकू येते. कोणी मालाला दोष देतं, कोणी गुत्तेदाराला. मीही दिला होता. पण माल बहुतेक वेळा बरा असतो आणि मारणाऱ्यानेही मन लावून मारलेला असतो. घोटाळा कोब्याच्या आत किंवा त्याच्याही खाली असतो, आणि तो न शोधता तिसरा डबा आणला तर तोही पुढच्या पावसात सुपलीत भरून बाहेर टाकावा लागतो. म्हणून तपासाचा क्रम जरा सविस्तर लिहितो.

पापुद्र्याची पाठ

रंग निघाला की आपण आधी झाडू हातात घेतो. तसं करू नका. तळहाताएवढा एक तुकडा उचला, दारात उजेडाला नेऊन उलटा धरा आणि पाठीवरून अंगठा फिरवा.

अंगठ्याला करडी भुकटी लागली आणि पाठ सिमेंटसारखी खरखरीत असेल, तर रंगाने पकड सोडलेली नाही. कोब्याची वरची कच्ची साय रंगाबरोबर उखडून आली आहे. पाठ काचेसारखी गुळगुळीत, प्रायमर जसाच्या तसा असेल, तर रंगाला पकड मिळालीच नव्हती. एकतर कोबा लोखंडी थापीने घोटून चकचकीत केलेला होता, नाहीतर त्यात तेल मुरलेलं होतं. रुपयाएवढे, वाटीएवढे फोड आले असतील आणि टाचणीने टोचल्यावर पाणी येत असेल, तर ओल खालून आहे. आणि बाकी फरशी ठणठणीत असून फक्त चाकं उभी राहतात तिथंच टायरच्या आकाराचा रंग निघाला असेल, तर ते तापलेल्या टायरचं काम. हायवेवरून आलेल्या गाडीचा टायर गरम असतो, त्यातली तेलकट द्रव्यं रंगात उतरतात, रंग मऊ पडतो आणि टायर गार होताना त्याला धरून ओढतो. कार-जीपवाल्या गॅरेजांत हे फार होतं, ट्रॅक्टरच्या कामात कमी.

माझ्याकडे पहिलं आणि तिसरं अशी दोन्ही दुखणी होती. बऱ्याच जणांकडे अशीच जोडी निघते.

फोडातल्या पाण्याची एक सोपी तपासणी सांगतो. पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्याला ओली हळद चोळून वाळवा आणि फोड टोचल्याबरोबर आतला थेंब त्यावर टिपा. माझ्याकडे पिवळं कापड बघता बघता विटकरी लाल झालं. चुन्याने हळदीचं कुंकू होतं ना, तीच गोष्ट. सिमेंटच्या आतलं पाणी तीव्र अल्कली असतं, त्याचा सामू १२ ते १३ च्या घरात जातो. म्हणजे तो थेंब काँक्रीटमधून फिरून आलेला होता. फक्त एक काळजी घ्या: गाडी धुण्याच्या साबणाचं पाणीही हळद लाल करतं. त्यामुळे वॉशिंग रॅम्पजवळचा फोड तपासू नका. जिथं कधीच पाणी सांडत नाही, उदाहरणार्थ स्पेअर पार्टच्या रॅकखालचा, तो घ्या.

कच्ची साय कुठून आली

आमचा कोबा मार्च २०१६ मध्ये पडला. ते वर्ष लातूरकरांना सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन आली, त्याच्या महिनाभर आधीची ही गोष्ट. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं कोब्यावर टँकर ओतायला माझं मन धजलं नाही. बारदाना टाकून चार दिवस शिंपडलं आणि सोडून दिलं. त्या निर्णयाचं मला आजही वाईट वाटत नाही. पण काँक्रीटचा हिशेब वेगळा असतो. भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलं ठेवा असं लिहिलंय. मिश्र सिमेंट असेल, आणि आपल्याकडे दुकानात बहुतेक तेच मिळतं, तर १४ दिवसांपर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. मार्चच्या झळांत चार दिवसांत वरचा थर वाळून गेला आणि कच्चाच राहिला.

त्यात आणखी एक सवय नडली. माल हाताने पसरता यावा म्हणून पाणी जास्त घालतात. ते पाणी वर तरंगतं, ते टिपायला गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि थापीने घोटतो. त्या दिवशी फरशी आरशासारखी दिसते, मालक खूश होतो, गवंडीही खूश. वर मात्र दुधावर यावी तशी एक पातळ, ठिसूळ साय तयार झालेली असते. दोन महिन्यांनी झाडताना धूळ निघते, कितीही झाडा, सकाळी परत निघते. आम्ही पहिला एपॉक्सी मारला तो याच धुळीला कंटाळून.

तपासायला पेचकस पुरे. टोक दाबून रेघ ओढा. पांढरट रेघ उमटून भुकटी पडली, तर साय आहे. टोक खरखरत गेलं आणि नुसता लोखंडाचा काळा माग उमटला, तर कोबा पक्का. दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबांची. पाच-सहा ठिकाणी थेंब टाका. मिनिटाभरात मुरले तर छिद्रं मोकळी आहेत. मोत्यासारखे उभे राहिले तर तिथं तेल किंवा जुनं सीलर (पाणी मुरू न देणारं द्रावण) बसलेलं आहे, त्यावर काहीच चिकटणार नाही.

मे महिन्यातली तपासणी खोटं बोलते

माझा सगळ्यात जास्त पैसा इथं गेला, म्हणून इथं जरा थांबतो.

ओल तपासायची जगभर चालणारी साधी रीत म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. १८ इंच चौरस पारदर्शक जाड प्लास्टिक कोब्यावर ठेवायचं, चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करायचं, ऊन लागू द्यायचं नाही, आणि निदान १६ तासांनी उघडायचं. प्लास्टिकच्या आतून घाम दिसला किंवा खालचा कोबा काळवंडला, तर ओल आहे. २०२२ ला दुसऱ्यांदा रंग मारण्याआधी गुत्तेदाराने माझ्यासमोर ही तपासणी केली. मे महिना होता. रात्रभर ठेवलेलं प्लास्टिक सकाळी उघडलं, खाली कोबा खडखडीत. दोघांनाही समाधान वाटलं. त्याने फसवलं नाही, मीही घाई केली नाही.

ऑगस्टमध्ये फोड आले. मग मी रंग निघालेल्या जागी, दुकानाच्या मधोमध, तसाच तुकडा चिकटवला. सकाळी सातला शटर वर केलं तेव्हा प्लास्टिकच्या आत मोहरीएवढे थेंब लटकत होते आणि खाली बरोबर १८ इंचांचा काळा चौकोन उमटला होता, फुटपट्टीने आखल्यासारखा. भोवतालचा कोबा कोरडा दिसत होता. हात लावला तरी ओला लागला नसता. आमच्याकडे नांगर घेऊन आलेले एक काका तो चौकोन बघून म्हणाले, “अहो, मिरगाआधी रानात वाफसा बघता का कधी? पाऊस पडल्यावर बघायचा असतो.” वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल. मला तीन वर्षांत जे समजलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आपली जमीन काळी. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कारण ती खोलवर वाळते. मिरग, आर्द्रा झाल्या की हीच माती पाणी पिऊन फुगते आणि ते पाणी महिनोन्महिने सोडत नाही. कोब्याखाली प्लास्टिक अंथरलेलं नसेल, तर ही ओल मुरूम-सोलिंगमधून वर चढते, कंदिलाच्या वातीतून तेल चढतं तशी. उघड्या कोब्यातून ती वाफ होऊन निघून जाते, आपल्याला दिसतही नाही. एपॉक्सी मारला की पातेल्यावर झाकण पडलं. वाफ आत अडकते, क्षार विरघळून झाकणाखाली साठतात, ते आणखी पाणी ओढतात, आणि शेवटी रंग फुगतो. रंग जितका चांगला आणि घट्ट, तितका तो जास्त अडवतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: ओलीची तपासणी पोळ्याच्या आसपास करा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तीन जागी करा: भिंतीलगत, मधोमध, आणि जिथं सगळ्यात आधी रंग गेला तिथं. निकाल भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. काम नंतर कोरड्या दिवसांत करा, पण निर्णय पावसाळ्यातल्या निकालावर घ्या.

भिंतीकडेच्या भेगा

आमच्या दक्षिणेच्या भिंतीपासून तीनेक फुटांवर, भिंतीला समांतर, एक लांब भेग होती. एपॉक्सी पुट्टीने भरली, पुढच्या उन्हाळ्यात बरोबर शेजारून परत फुटली. कारण बाहेर होतं. पत्र्याला पन्हाळ नव्हतं. शेड १,२०० चौरस फुटांचं, म्हणजे एक इंच पावसात त्यावर सुमारे २,८०० लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं दक्षिणेच्या उतारावरून थेट पायाशी. २०० लिटरची सात बॅरल एका सरीत भिंतीच्या बुडाशी ओतल्यासारखी. कडेची काळी माती फुगून कोब्याची कड वर उचलायची, मधली माती त्या मानाने कोरडी राहायची, आणि तीन फुटांवर कोबा मोडायचा.

कुठलाही केमिकलचा डबा उघडण्याआधी हे काम करा. पन्हाळ लावा, पाणी पाइपने दूर सोडा, भिंतीबाहेर तीन-चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, जोत्यापेक्षा अंगण उंच झालं असेल तर ते खरवडून खाली आणा. आमच्याकडे रस्ता दरवेळी उंच होत गेला आणि दुकान खड्ड्यात गेलं, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. तिथं समोरून आडवी नाली काढल्याशिवाय उपाय नाही.

अशी हलती भेग कडक पुट्टीने भरू नका. कटरने खाच करा, तळाला फोमची दोरी दाबा, वरून लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. मे महिन्यात भेग सगळ्यात रुंद असते आणि ऑगस्टमध्ये सगळ्यात अरुंद. दिवाळीच्या पुढेमागे ती मधल्या मापाची असते, तेव्हा भरलेलं सीलंट दोन्हीकडचा ताण सोसतं.

आम्ही शेवटी काय केलं

झाकण काढून टाकलं आणि परत घातलं नाही. मला कळलेली मुख्य गोष्ट ही की, खालून ओल येणाऱ्या कोब्याला श्वास घेऊ देणारं संरक्षण द्यायचं.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये भाड्याने फ्लोअर ग्राइंडर आणून हिऱ्याच्या कप व्हीलने जुना रंग आणि खालची साय दोन्ही काढली, खडीचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. धुळीसाठी व्हॅक्यूम जोडा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. रुमाल चालत नाही. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की परत निघत नाही, आणि ग्राइंडर धरणारं पोर आपलंच असतं.

ॲसिडने धुऊन घ्या असं सांगणारे भेटतील. मी ते टाळतो. ॲसिड मुरतं, क्षार मागे ठेवतं, धुवायला भरपूर पाणी लागतं आणि आधीच ओला कोबा आणखी ओला होतो. शिवाय त्याच्या वाफेने दुकानातली पान्ह्यांपासून लेथच्या बेडपर्यंत सगळी लोखंडी हत्यारं चार दिवसांत गंजतात.

तेलाच्या डागांवर धुण्याच्या सोड्याचं कडक गरम पाणी आणि तारेचा ब्रश, मग मुलतानी मातीचा जाड लेप देऊन रात्रभर वाळवायचा, सकाळी खरवडायचा. जुन्या डागाला तीन-चार वेळा करावं लागतं. थेंब टाकल्यावर मुरला, की जागा तयार.

त्यावर लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर, म्हणजे कोबा कठीण करणारं द्रावण. सिमेंटमध्ये मोकळा राहिलेला चुना असतो, त्याच्याशी सिलिकेटचा संयोग होऊन सिमेंटला बांधणारा जो मूळ पदार्थ, तोच छिद्रांत तयार होतो. वर पापुद्रा राहत नाही, म्हणून उचलायला काही नसतं, आणि वाफेला वाट मिळते. पंपाने फवारायचं, मऊ झाडूने अर्धा तास ओलं ठेवायचं, आणि उरलेलं पुसून घ्यायचं. डबकं वाळू दिलं तर पांढरी काचेसारखी पपडी धरते, ती काढायला परत ग्राइंडर लागतो. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. सायीवर मात्र हे मारू नका. डेन्सिफायर पक्क्या कोब्याला कठीण करतं, भुकटीचं काँक्रीट करत नाही.

आठवडाभराने दारालगतच्या आणि वॉशिंगच्या भागात सायलेन-सायलोक्सेनचं मुरणारं सीलर मारलं. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी झटकायला लावतं, छिद्रं बंद करत नाही.

यांच्याकडून एपॉक्सीची अपेक्षा ठेवू नका. चकाकी येणार नाही. डिझेल-ऑइल तासन्‌तास पडून राहिलं तर मुरेलच, फक्त पुसायला वेळ मिळतो. आम्ही इंजिन उघडताना खाली पत्र्याचा ट्रे सरकवतो आणि लाकडी भुशाचं पोतं हाताशी ठेवतो. तेल प्यायलेला भुसा त्याच दिवशी दुकानाबाहेर.

रंग हवाच असेल तर

काही जागांना तो लागतोच, जसं फ्युएल पंप उघडायची स्वच्छ खोली. तिथं पावसाळ्यातला प्लास्टिकचा चौकोन कोरडा आला तर साधा एपॉक्सी बिनधास्त मारा. काळा आला तर आधी एपॉक्सी-सिमेंटचा ओल सोसणारा थर द्या किंवा पीयू काँक्रीट करा. दोन्ही महाग, पण दर दोन वर्षांनी रंग खरवडण्यापेक्षा बरं.

वेळ निवडा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो, बादलीत मिसळलेला एपॉक्सी हातातच तापून घट्ट होतो. दुसरं, सकाळी कोबा तापत जाताना आतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या रंगात टाचणीएवढी भोकं पाडते. कोबा निवत असताना, दुपार कलल्यावर सुरुवात करा. हिवाळ्यात पहाटेचं दव सांभाळा: कोब्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं.

बॅटरीचा कोपरा वेगळाच धरा. तिथलं ॲसिड सिमेंट खातं, डेन्सिफायरला जुमानत नाही. शहाबादी फरशी घालू नका, तो चुनखडीचाच दगड, तोही फसफसून झिजतो. ॲसिडरोधक टाइल किंवा जाड प्लास्टिकचा ट्रे ठेवा, आणि खायच्या सोड्याचा डबा शेजारी. सांडलं की लगेच टाका, फेस थांबेपर्यंत.

आणि नवा कोबा घालणार असाल, तर मुरूम दाबून झाल्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा, जोडाला निदान सहा इंच एकावर एक घेऊन चिकटपट्टी लावा, आणि काँक्रीट ओतताना घमेलं ओढून ते फाडू देऊ नका. चार इंची कोब्याला आठ ते दहा फुटांवर एक इंच खोल काप दुसऱ्या दिवसाच्या आत मारा. पाणी हाताशी असेल अशाच महिन्यात काम काढा.

आमचा कोबा २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीतून गेला. रॅकखालचा कोपरा पंधरा-वीस दिवस काळसर ओला दिसत होता. ऑक्टोबरच्या उन्हात वाळला, वर मिठासारखा पांढरा खार फुटला, तो कोरड्या झाडूने निघाला. थेंब टाकून पाहिले, दाराजवळ दोन जागी मुरायला लागले आहेत. तेवढ्या भागाला यंदा सीलरचा एक हात मारायचा आहे.